दुसऱ्या तिमाहीतील गर्भपातापूर्वी गर्भाशयमुख मऊ करणारी औषधे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून बारा आठवड्यांनंतरच्या गर्भपातासाठी येणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्यासोबतचे नातेवाईक ओपीडीत बसताच बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : 'मॅडम, आजच होऊन जाईल ना?' संध्याकाळची एसटी गाठायची असते, घरी लहान मूल शेजारणीकडे ठेवलेले असते, केळीच्या बागेतला खाडा पडलेला असतो. ही निकड मला पूर्ण समजते. तरीही उत्तर बहुधा 'आज नाही' असेच द्यावे लागते, आणि ते का द्यावे लागते हे शांतपणे सांगता यावे म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ या नात्याने ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. यातील औषधांची माहिती समजून घेण्यासाठी आहे. ती घरी घेण्यासाठी नाही.

गर्भाशयमुख 'तयार करणे' म्हणजे नेमके काय?

गर्भाशयाचा खालचा, योनीत उघडणारा भाग म्हणजे गर्भाशयमुख. आपल्याकडे सगळेच त्याला 'पिशवीचे तोंड' म्हणतात आणि तो शब्द अगदी नेमका आहे. साधारण तीन ते चार सेंटिमीटर लांबीचा हा भाग गर्भ नसताना तपासणाऱ्या बोटाला नाकाच्या शेंड्यासारखा टणक लागतो आणि गर्भारपणात ओठासारखा मऊसर होतो. पण मऊ झाला तरी तो मिटलेलाच असतो, कारण नऊ महिने गर्भ आत धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. कोलॅजन नावाच्या चिवट तंतूंच्या घट्ट जुड्यांनी तो बनलेला असतो. औषधाने किंवा फुगणाऱ्या काड्यांनी या जुड्या सैल करून तोंड हळूहळू उघडू देणे, याला गर्भाशयमुखाची तयारी म्हणतात.

ही तयारी न करता थेट पिशवी साफ केली तर काय बिघडते?

पहिल्या काही आठवड्यांत गर्भ लहान असतो आणि बारीक नळीनेही पिशवी रिकामी करता येते, त्यामुळे त्या वेळी पुष्कळदा तयारीशिवाय निभावते. दुसऱ्या तिमाहीत गर्भ वाढलेला असतो, त्याची हाडे तयार होऊ लागलेली असतात आणि तोंड बरेच अधिक उघडावे लागते. मिटलेले तोंड लोखंडी सळ्या घालून एकदम रुंदावले, तर ते फाटू शकते, पिशवीला भोक पडू शकते आणि रक्तस्राव आटोक्याबाहेर जाऊ शकतो.

उमेदवारीच्या काळात मी हे एकदा डोळ्यांसमोर पाहिले आहे. बाहेर भाड्याची जीप उभी होती, घरचे लोक दर अर्ध्या तासाने आत डोकावत होते, आणि त्या घाईपुढे तिथल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी मान तुकवली. गोळी देऊन जेमतेम तासाभराने त्या बाईला टेबलावर घेतले गेले. तोंड उघडेना म्हणून जोर लावला गेला आणि ते एका बाजूने वरपर्यंत फाटले. टाके घालून, रक्ताच्या दोन पिशव्या देऊन ती वाचली. जीप मात्र रिकामीच परत गेली आणि ती पुढे नऊ दिवस वॉर्डात राहिली. तेव्हापासून माझ्या टेबलावर कोणत्याही बाईला तिच्या पिशवीचे तोंड तयार झाल्याखेरीज घेतले जात नाही, मग बाहेर कोणीही थांबलेले असो.

यासाठी कोणती औषधे वापरतात आणि ती कशी काम करतात?

मुख्य औषधे दोन आहेत. पहिले मिफेप्रिस्टोन. गर्भारपण टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे पिशवी शांत आणि तिचे तोंड घट्ट राहते. मिफेप्रिस्टोन या संप्रेरकाला त्याच्या जागेवर बसू देत नाही, त्यामुळे तोंड मऊ पडू लागते आणि पुढच्या औषधाला पिशवी अधिक चांगला प्रतिसाद देते. २०० मिलिग्रॅमची एक गोळी पाण्याबरोबर गिळायची असते, आणि तिचा पूर्ण परिणाम दिसायला २४ ते ४८ तास लागतात. 'आज नाही' या उत्तराचे एक मोठे कारण हेच आहे.

दुसरे मिसोप्रोस्टॉल. हे औषध मुळात जठरातील व्रणांसाठी आले. वेदनाशामक गोळ्यांमुळे पोटात होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी ते दिले जाई. शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या रसायनासारखे ते काम करते, म्हणजे कोलॅजनच्या जुड्या सैल करते आणि पिशवीला कळाही आणते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारीसाठी साधारणपणे ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० मायक्रोग्रॅमच्या दोन गोळ्या, दोन ते तीन तास आधी गालात किंवा योनीमार्गात ठेवतात. जिभेखाली ठेवल्यास परिणाम थोडा लवकर सुरू होतो.

काड्या घालतात असे ऐकले आहे. त्या कशाच्या असतात?

त्यांना लॅमिनेरिया म्हणतात. एका समुद्री शेवाळाच्या देठापासून त्या बनवतात. आगपेटीच्या काडीपेक्षा थोड्या जाड, गुळगुळीत, तपकिरी, आणि टोकाला दोरा बांधलेल्या. गर्भाशयमुखात ठेवल्यावर त्या तिथला ओलावा शोषून घेतात आणि १२ ते २४ तासांत मूळ जाडीच्या तीन-चार पट फुगतात. विद्यार्थ्यांना समजावे म्हणून मी एक काडी पाण्याच्या पेल्यात टाकून ठेवते. सकाळी टाकलेली काडी दुसऱ्या दिवशी करंगळीएवढी झालेली पाहिली, की हे काम सावकाश का व्हावे लागते याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. कृत्रिम पदार्थाच्या काड्याही मिळतात आणि त्या अधिक लवकर, काही तासांतच फुगतात.

काड्या सर्वच रुग्णालयांत उपलब्ध नसतात. जिथे नसतात तिथे फोलीज कॅथेटरचा, म्हणजे एरवी लघवीसाठी घालतात त्या नळीच्या टोकाचा, फुगा वापरण्याचीही पद्धत आहे. जुन्या सिस्टरांना गर्भपातासाठी याच कॅथेटरमधून पिशवीत सोडले जाणारे इथॅक्रिडिनचे पिवळे औषध आठवत असेल. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल आल्यापासून त्याचा वापर मागे पडला, आणि ते योग्यच झाले.

माझ्यासाठी गोळ्या पुरतील की काड्याही लागतील?

हे प्रामुख्याने आठवड्यांवर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बारा आठवड्यांनंतर शस्त्रक्रियेने गर्भपात करायचा असल्यास तोंडाची तयारी करावी. १२ ते १९ आठवड्यांदरम्यान ती केवळ औषधांनी करता येते, आणि तशी केल्यास मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल ही दोन्ही एकत्र देणे अधिक पसंतीचे मानले आहे. अथवा काड्या आणि औषध असा मेळ घालता येतो. १९ आठवड्यांनंतर मात्र एकट्या औषधावर न विसंबता काड्यांच्या जोडीला औषध द्यावे, अशी शिफारस आहे. जिचे पूर्वी एकही बाळंतपण झालेले नाही किंवा जी वयाने फार लहान आहे, तिचे तोंड अधिक घट्ट असते, म्हणून तिच्या बाबतीत डॉक्टर एक पायरी अधिक सावध राहतात.

शस्त्रक्रिया नकोच असेल तर?

दुसऱ्या तिमाहीत केवळ औषधांनीही गर्भपात होतो आणि आपल्या भागातील अनेक रुग्णालयांत हीच पद्धत अधिक वापरली जाते, कारण या आठवड्यांतील शस्त्रक्रियेसाठी वेगळे प्रशिक्षण आणि सराव लागतो. त्यातही पहिली पायरी तीच असते : मिफेप्रिस्टोन आधी, आणि एक ते दोन दिवसांनी रुग्णालयात भरती करून मिसोप्रोस्टॉल दर तीन तासांनी. बाळंतपणासारख्या कळा येऊन गर्भ आणि त्याला पोसणारी वार बाहेर पडतात. यातही पहिल्या गोळीनंतरची प्रतीक्षा टाळली, तर कळांचे तास लांबतात आणि मिसोप्रोस्टॉलचे डोस अधिक लागतात. थांबण्याचा तो एक-दीड दिवस वाया जात नाही. तो पुढचा त्रास कमी करतो.

पहिली गोळी घेऊन घरी जाता येईल का?

घर रुग्णालयापासून जवळ असेल, सोबत माणूस असेल आणि वाहनाची सोय असेल, तर बहुतेक वेळा जाता येते. मिफेप्रिस्टोननंतर बऱ्याच जणींना काहीच जाणवत नाही, काहींना थोडा रक्तस्राव किंवा ओटीपोटात दुखणे सुरू होते, आणि क्वचित प्रसंगी दुसरे औषध देण्यापूर्वीच गर्भपात सुरू होऊ शकतो. ही शक्यता कमी असली तरी धडगाव-मोलगीच्या पाड्यावरून, जिथून डांबरी रस्त्यापर्यंत यायलाच दोन तास चालावे लागते, तिथून आलेल्या बाईला मी घरी जाऊ देत नाही. तिला वॉर्डातच ठेवून घेते. काड्या घातल्या असतील तर कोणीही दूर जाऊ नये. मिसोप्रोस्टॉल दिल्यानंतर तर घरी जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

भरतीची वेळ ठरवताना घरातील अडचणी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगाव्यात. सोमवारी गोळी आणि बुधवारी भरती, असे आधीच ठरले तर लहान मुलांची सोय, शेतीचे काम आणि सोबतीला येणारी आई किंवा वहिनी यांची जुळवाजुळव करता येते.

गालात गोळी ठेवायची म्हणजे कशी?

वरच्या किंवा खालच्या हिरडीच्या आणि गालाच्या मधल्या पोकळीत, दोन्ही बाजूंना एकेक. चावू नये, चघळू नये, अर्धा तास तशीच राहू द्यावी आणि मग उरलेला चुरा पाण्याबरोबर गिळावा. तोंडाला खडूसारखी चव येते आणि जीभ कोरडी पडते, ते स्वाभाविक आहे. तंबाखू किंवा मिसरीची सवय असेल तर आधी चूळ भरून तोंड स्वच्छ करावे.

कोणता त्रास होतो?

पोटात कळा येतात. हुडहुडी भरते, ताप चढतो, मळमळते, जुलाब होतात. हे सर्व मिसोप्रोस्टॉलचे नेहमीचे परिणाम आहेत आणि बहुतेक वेळा काही तासांत ओसरतात. हुडहुडी इतकी जोरात असते की सोबतची बाई घाबरून धावत येते. 'माय व, हाई काय व्हयनं?' असे विचारणाऱ्या एका आजींना मी गोधडी आणून द्यायला सांगितले, आणि नातीच्या अंगावर ती घालून त्या तासभर तिचे पाय चोळत बसल्या. कोणत्याही औषधाइतकाच त्याचा उपयोग झाला.

वेदनेसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी आधीच द्यावी. तिने मिसोप्रोस्टॉलचा परिणाम कमी होत नाही. दुखणे सहन करणे हा उपचाराचा भाग नाही, आणि दुखते आहे असे सांगणाऱ्या बाईला 'मग आधी विचार करायचा होता' असे सुनावणे अत्यंत चूक आहे. कोणी तसे बोलले तर वरिष्ठ डॉक्टरांना जरूर सांगावे.

मेडिकल स्टोअरमधून गर्भपाताचे पाकीट आणून घेतले तर?

घेऊ नये. ते पाकीट, ज्यात मिफेप्रिस्टोनची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या असतात, नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वापरण्यासाठी आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात तेच पाकीट घरी घेतले, तर गर्भ अर्धवट पडणे, वार आत अडकणे आणि प्रचंड रक्तस्राव होणे हे धोके समोर उभे राहतात, आणि त्या वेळी जवळ ना रक्त असते ना शस्त्रक्रियेची सोय. ज्यांनी आधीच घेतले आहे त्यांनी लपवू नये. कोणती गोळी, किती आणि केव्हा घेतली हे खरे सांगितले, तर पुढचा डोस नीट ठरवता येतो; त्यावरून कोणी ओरडणार नाही, निदान ओरडू नये.

मला आठवडे नीट सांगता येत नाहीत. चालेल का?

चालेल. आपल्याकडच्या कित्येक जणी तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. 'अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाळी आली होती, नंतर नाही' असे सांगणारी बाई श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या दिवसांत तपासणीला आली असेल, तर साधारण १३ ते १४ आठवडे झाले असा अंदाज लगेच बांधता येतो, अर्थात त्या वर्षी मध्ये अधिक मास नसेल तर. पक्के आठवडे सोनोग्राफीने ठरतात, आणि औषधाची निवड व कायद्याची मर्यादा दोन्ही त्यांवरच अवलंबून असल्याने सोनोग्राफी टाळू नये.

पूर्वी सीझर झाले आहे. ही औषधे चालतील का?

बहुतेक वेळा चालतात. दुसऱ्या तिमाहीत मिसोप्रोस्टॉलने कळा आणताना जुन्या टाक्याच्या जागी पिशवी फाटण्याचा धोका एक सीझर झालेल्या स्त्रियांत हजारी सुमारे तीन इतका, म्हणजे कमी असतो. दोन किंवा अधिक सीझर असतील तर काळजी वाढते. वार जुन्या व्रणावर आहे का, हे सोनोग्राफीत मुद्दाम पाहावे लागते. म्हणून सीझरचा कागद सोबत आणावा, आणि कागद हरवला असेल तरी टाका आडवा होता की उभा, केव्हा झाला, हे सांगावे.

सिकलसेल किंवा रक्त कमी असेल तर?

हा प्रश्न सातपुड्याच्या पट्ट्यात अतिशय महत्त्वाचा आहे, कारण नंदुरबार जिल्ह्यातील आणि लगतच्या भागातील भिल्ल, पावरा व इतर आदिवासी समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल असल्यामुळे ही औषधे वर्ज्य होत नाहीत. परंतु उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी होणे, थंडी वाजणे आणि वेदनेचा ताण, यांतील कोणतीही गोष्ट सिकलसेलच्या तीव्र दुखण्याला निमंत्रण देऊ शकते. त्यामुळे सलाईन, ऊब, वेदनाशामक आणि गरज पडल्यास रक्त यांची व्यवस्था आधी करून मगच औषध सुरू करावे लागते. लाल किंवा पिवळे सिकलसेल कार्ड असेल तर ते केसपेपरला जोडावे.

हिमोग्लोबिन प्रत्येकीचेच तपासावे. ते फार कमी असेल तर वेळ हाती असताना आधी रक्त भरून घेणे शहाणपणाचे. रक्तगट निगेटिव्ह असल्यास गर्भपातानंतर अँटी-डी इंजेक्शन घ्यावे लागते, अन्यथा पुढच्या गर्भाला धोका पोहोचू शकतो.

आणखी कोणत्या आजारांची माहिती डॉक्टरांना द्यावी?

दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असणे, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचा आजार, पोर्फिरिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार, रक्त न गोठण्याचा आजार किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे, हे सर्व मिफेप्रिस्टोन देण्यापूर्वी कळलेच पाहिजे. दम्याच्या रुग्णाला मिसोप्रोस्टॉल देता येते, पण दमा आहे हे सांगावे, कारण रक्तस्राव थांबवणारे एक इंजेक्शन दम्यात टाळावे लागते.

औषध घेतल्यावर मन बदलले तर?

ताबडतोब सांगावे. मिफेप्रिस्टोननंतर गर्भ टिकूही शकतो, पण खात्री देता येत नाही. काड्या घातल्यानंतर किंवा मिसोप्रोस्टॉलनंतर माघार घेण्यात संसर्गाचा आणि आपोआप गर्भपात होण्याचा धोका असतो. म्हणून पहिली गोळी हातात देण्यापूर्वी मी नवऱ्याला, सासूला, सर्वांना बाहेर बसवून बाईला एकटीला विचारते. दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांत काही जणींनी मला वेगळेच सांगितले आहे.

कायद्याने हे कितव्या आठवड्यापर्यंत करता येते?

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा असून त्यातील २०२१ ची दुरुस्ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांदरम्यान दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ते ठरावीक परिस्थितींतच घेता येते : बलात्कार किंवा घरातील लैंगिक अत्याचार, अल्पवयीन मुलगी, गर्भारपणातच वैधव्य किंवा घटस्फोट, गंभीर शारीरिक अपंगत्व, मानसिक आजार, गर्भातील गंभीर व्यंग, आणि आपत्ती किंवा आणीबाणीची स्थिती. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अविवाहित स्त्रीलाही हा हक्क आहे. चोवीस आठवड्यांनंतर केवळ गर्भातील गंभीर व्यंगासाठी आणि वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने परवानगी मिळते. स्त्रीचा जीव तत्काळ वाचवायचा असेल तर ही मर्यादा आड येत नाही.

दोन डॉक्टरांचे मत आणि औषधाचे दोन दिवस, हे दोन्ही धरून चालावे लागत असल्यामुळे एकोणिसाव्या-विसाव्या आठवड्यात असलेल्या बाईने 'पुढच्या बाजाराच्या दिवशी येऊ' असे म्हणू नये.

नवऱ्याची सही लागते का?

नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. पालकांची संमती अल्पवयीन मुलीसाठी आणि मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी लागते. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. परंतु मुलगी व पालक यांनी विनंती केल्यास त्या अहवालात तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे याच २०२२ च्या निकालात म्हटले आहे.

गावात कळेल का?

कळू नये अशी कायद्याचीच तरतूद आहे. स्त्रीचे नाव आणि तपशील उघड करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सोबत आलेल्या आशा ताईंनीही हे लक्षात ठेवावे.

मुलगा होता की मुलगी, हे सांगाल का?

नाही. गर्भलिंग विचारणे आणि सांगणे, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याच वेळी हेही तितकेच ठामपणे सांगते, की बारा आठवड्यांनंतर आलेली प्रत्येक बाई लिंग पाहूनच आली आहे असा संशय घेऊन तिला परत पाठवणे अन्यायाचे आहे. गर्भातील व्यंग बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीतच दिसते. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेल्या बाईला तपासणीच उशिरा मिळते. कुणाला अंगावर दूध असताना दिवस गेलेले कळतच नाहीत. अशा बायकांना दारातून परत पाठवले, की त्या मेडिकलच्या काउंटरवर जाऊन उभ्या राहतात.

गर्भपातानंतर छातीत दूध आले. हे बरोबर आहे का?

होय, आणि याची कल्पना कोणी दिलेली नसते म्हणून ते फार जिव्हारी लागते. चौथ्या महिन्यानंतर गर्भपात झाल्यास तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते, ठणकते, ब्लाउज ओला होतो. घट्ट आधार देणारे कपडे घालावेत, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, दूध पिळून काढू नये. चार-आठ दिवसांत ते ओसरते. दूध थांबवण्याची गोळी लवकर, शक्यतो डिस्चार्जपूर्वीच मागून घ्यावी.

पुढे मूल होण्यात अडचण येईल का?

तोंडाची तयारी नीट होऊन, संसर्ग न होता गर्भपात झाला तर पुढच्या गर्भधारणेत सहसा अडचण येत नाही. उलट दोन-तीन आठवड्यांतच पुन्हा दिवस जाऊ शकतात, त्यामुळे मूल नको असल्यास कॉपर-टी, अंतरा इंजेक्शन किंवा छाया गोळी याविषयी त्याच भरतीत बोलावे. ही साधने सरकारी दवाखान्यात मिळतात. गर्भपात हवा असेल तर कॉपर-टी बसवावीच लागेल, अशी अट मात्र कोणी घालू शकत नाही.

घरी गेल्यावर केव्हा परत यावे?

तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील आणि असे सलग दोन तास चालले, चोवीस तासांनंतरही ताप असेल, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जात असेल, पोट दाबले तरी दुखत असेल किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. रस्ता नसलेल्या पाड्यावर गाडी पोहोचत नाही, म्हणून पहिले तीन-चार दिवस रस्त्यालगतच्या एखाद्या नातेवाइकाकडे राहावे, आणि डिस्चार्जचा कागद उशाखाली ठेवावा, कारण कोणती औषधे केव्हा दिली ते रात्रीच्या ड्युटीवरच्या अनोळखी डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.